अधिवेशन नागपुरात, आपण ठाण्यात : घरबसल्या विधिमंडळापर्यंत आपला प्रश्न कसा पोचवायचा

डिसेंबर उजाडला की मंत्रालयातल्या फायली नागपूरची वाट धरतात, साहेब लोक रविभवन-नागभवनात मुक्कामाला जातात आणि इकडे ठाणे-नवी मुंबईतला माणूस म्हणतो, आता काय ते जानेवारीत बघू. हिवाळी अधिवेशन तसं आटोपशीर असतं. २०२४ चं १६ ते २१ डिसेंबर चाललं, २०२५ चं ८ ते १४ डिसेंबर. पाहता पाहता उरकतं. पण त्या आठवड्यात आपला विषय कामकाजात आला, तर मंत्र्याला त्यावर लेखी किंवा तोंडी काहीतरी बोलावंच लागतं. एरवी तोच विषय घेऊन आपण वर्षभर खिडक्या पालथ्या घालतो.

त्यासाठी नागपूरला जायची गरज नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पुरा झाला, त्यामुळे ७०१ किलोमीटर तुडवून सकाळी निघालेला ठाणेकर संध्याकाळी नागपुरात पोचतोही. पण पोचून करणार काय? प्रेक्षक गॅलरीचा पास आमदाराच्या शिफारशीशिवाय मिळत नाही आणि मोर्चे विधानभवनाच्या बरेच अलीकडे अडवले जातात. ज्यांच्यामागे संघटना आणि हजारभर माणसं आहेत त्यांनी मोर्चा जरूर काढावा. एखादी सोसायटी, चार शेजारी किंवा एकटा माणूस असेल तर वेळेवर पाठवलेला एक नेटका कागद जास्त काम करतो. तो कागद कसा तयार करायचा, कुणाला द्यायचा आणि पुढे त्याचा माग कसा काढायचा, ते इथे सांगतो. मुंबईत होणाऱ्या अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनालाही हीच पद्धत चालते.

आधी विषय कुणाचा ते ठरवा

निम्मे अर्ज इथेच बाद होतात. लोकलची गर्दी, फेऱ्या, दिवा-मुंब्रा पट्ट्यातला जीवघेणा प्रवास हे विषय कितीही जिव्हाळ्याचे असले तरी रेल्वे केंद्राची. विधानसभेत विचाराल तर ‘ही बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीत येते’ एवढंच उत्तर हाती पडेल. त्यासाठी खासदार गाठायचा. सिडको, एमएमआरडीए, एमआयडीसी, महावितरण, रस्ते विकास महामंडळ, म्हाडा, पोलीस, सरकारी रुग्णालयं, सहकारी गृहनिर्माण संस्था, वनजमीन, मुद्रांक शुल्क हे सगळं राज्याकडे.

महापालिकेचे विषय मधल्यामध्ये लटकतात. कचरा, गटार, गल्लीतला दिवा यासाठी नगरसेवक आणि प्रभाग समिती असते. पण महापालिका नगरविकास खात्याच्या अखत्यारीत येत असल्यामुळे पालिकेच्या कारभारावरही सभागृहात प्रश्न विचारता येतो. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात गल्लीतले विषयही आमदारांच्याच दारात जाऊन पडायचे. ती सवय आता सोडलेली बरी. सभागृहाचा वेळ थोडा असतो, तिथे धोरणाचा, निधीचा किंवा मोठ्या ढिलाईचा विषय न्यावा.

रस्त्यांच्या बाबतीत तर हटकून गोंधळ होतो. घोडबंदर रस्त्याचं उदाहरण घ्या. सार्वजनिक बांधकाम खातं, एमएमआरडीए, मेट्रोचे ठेकेदार आणि ठाणे महापालिका असे चार जण तिथे कुठे ना कुठे आहेत. खड्डा नेमका कुणाचा, हे आपणच आधी शोधून लिहिलं नाही तर उत्तर देताना चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कामाच्या ठिकाणी लावलेला फलक वाचा, त्याचा फोटो काढा. यंत्रणेचं नाव, ठेकेदार, मुदत सहसा तिथेच असते. फलक नसेल तर तीही तक्रारीतली एक बाब झाली.

आणखी एक. सगळेच निर्णय अधिवेशनात होतात असं नाही. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन अशा मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोलमाफी मिळाली, ती मंत्रिमंडळाच्या बैठकीत. तुमचं काम एखाद्या शासन निर्णयाने होण्यासारखं असेल तर सभागृहाचा उपयोग दबाव आणायला करायचा, मागणी मात्र त्या निर्णयाचीच करायची.

कुठल्या आमदाराला धरायचं

ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. ठाणे शहराभोवती ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे आणि मुंब्रा-कळवा, तर नवी मुंबईत ऐरोली आणि बेलापूर. खारघर-कामोठ्याची मंडळी स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात (म्हणवोत बापडी), पण त्यांचा मतदारसंघ पनवेल आणि जिल्हा रायगड. मतदार ओळखपत्रावरून किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधून आपला मतदारसंघ पक्का करा. अर्जात मतदारसंघाचं नाव असलं की स्वीय सहायक तो बाजूला टाकत नाही.

ठाणेकरांची एक खास अडचण आहे. मंत्री सभागृहात प्रश्नांना उत्तरं देतात, प्रश्न विचारत नाहीत. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात कोपरी-पाचपाखाडीचे एकनाथ शिंदे उपमुख्यमंत्री झाले, ऐरोलीचे गणेश नाईक वनमंत्री आणि ओवळा-माजिवड्याचे प्रताप सरनाईक परिवहन मंत्री. मंत्री घरचा असला की फाइल हलवायला सोपं जातं खरं, पण सभागृहात तुमचा प्रश्न मांडायला दुसरा सदस्य शोधावा लागतो. तो तुमच्याच मतदारसंघाचा असला पाहिजे असं बंधन नाही. २८८ पैकी कुणीही सदस्य राज्यातल्या कुठल्याही गावाबद्दल विचारू शकतो. एका प्रश्नाखाली चार-पाच जिल्ह्यांच्या आमदारांची नावं दिसतात, त्यात काही वावगं नाही.

विधान परिषदेकडे आपलं सहसा लक्षच जात नाही. तिथे ७८ सदस्य आहेत. त्यांत ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक असे दोन मतदारसंघ येतात. शाळा, नोकरभरती, परीक्षा, पेन्शन असे विषय तिथे नेले तर ऐकणारा माणूस भेटतो. तुम्ही पदवीधर असाल तर एक लक्षात ठेवा, ही मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते आणि १८ क्रमांकाचा अर्ज भरून नाव पुन्हा घालावं लागतं. ज्याचं नाव यादीत आहे त्याच्या पत्राला त्या कार्यालयात जरा जास्त वजन मिळतं, हा व्यवहार आहे.

विरोधी पक्षाचा आमदार धरावा की सत्ताधारी? माझं मत असं, की जाब विचारायचा असेल तर विरोधी आणि निधी हवा असेल तर सत्ताधारी. दोघांना एकच कागद द्यायलाही हरकत नाही, फक्त तसं दोघांना सांगून द्या. लपवलंत तर पुढच्या वेळी दोन्ही दारं बंद.

तारखा आणि आयुधं

सदस्य सभागृहात जे मार्ग वापरतात त्यांना संसदीय आयुधं म्हणतात. आपल्याला सगळी पाठ असण्याची गरज नाही, पण कुठलं कधी चालतं ते ठाऊक हवं.

तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. मात्र हे प्रश्न अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधीच सदस्यांकडून घेतले जातात. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात, तर आपला कागद दिवाळीच्या आगेमागे आमदाराच्या कार्यालयात पडलेला हवा. दिवाळीचा फराळ संपवून निवांत जागं होणाऱ्याचा तारांकित प्रश्न पुढच्या अधिवेशनाला गेला म्हणून समजा. यादी लांबलचक असते आणि प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. त्याने निराश होऊ नका. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं आणि आपल्याला पुढे कामाला येतं ते लेखीच. आकडेवारी, तालुकावार तपशील, खर्चाचे हिशेब हवे असतील तर अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला फक्त लेखी उत्तर येतं तो, पुरेसा असतो.

अधिवेशन सुरू झाल्यावर उरते लक्षवेधी सूचना, विधानसभेत नियम १०५ खाली आणि परिषदेत नियम १०१ खाली. ताजा, सार्वजनिक महत्त्वाचा विषय असेल तर लक्षवेधी. इमारत कोसळली, रुग्णालयात काही भयंकर घडलं, खाडीत रसायन सोडलं, असं काही. ती लागली तर मंत्र्याचं निवेदन छापील येतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. अगदीच घाईचं असेल तर औचित्याचा मुद्दा. त्यात सदस्य मिनिटभर बोलतो, तिथल्या तिथे उत्तराची अपेक्षा नसते, पण नोंद होते. विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खालच्या चर्चा लांबतात, तिथे एखादं उदाहरण म्हणून तुमचा विषय कुणी घेतला तर घेतला. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर बोलताना सदस्यांना स्थानिक मुद्दे लागतातच. निधीची मागणी असेल तर ती त्याच्याही आधी, जिल्हा नियोजन समितीचा आराखडा तयार होत असताना, हिवाळ्यातच द्यावी.

विनंती अर्ज म्हणून एक जुना मार्ग आहे. नागरिकांनी सह्या करून सभागृहाला उद्देशून केलेला अर्ज सदस्यामार्फत सादर होतो आणि विनंती अर्ज समितीकडे जातो. मार्ग संथ आहे, पण समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते. कोर्टात चालू असलेला विषय मात्र यांपैकी कुठेही नेऊ नका. न्यायप्रविष्ट म्हणून पहिल्याच पायरीवर अडतो.

कागद कसा लिहायचा

आमदाराच्या कार्यालयात अधिवेशनाआधी ढिगाने कागद येतात. ‘आमच्या विभागातील समस्यांकडे लक्ष द्यावे’ असल्या पाच पानी निवेदनाचं काय होतं ते सांगायला नको. स्वीय सहायकाला हवा असतो तयार प्रश्न, जो तो थोडाफार सारखा करून पुढे ढकलू शकेल. तेव्हा प्रश्न आपणच सभागृहाच्या भाषेत लिहून द्यायचा. सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींचा विषय धरला तर नमुना असा होईल :

‘सन्माननीय नगरविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) नवी मुंबईतील वाशी येथील सेक्टर अमुकमधील सिडकोनिर्मित इमारती महानगरपालिकेने सी-१ म्हणजेच अतिधोकादायक वर्गात टाकल्या आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव माहे अमुकपासून प्रलंबित आहे, हे खरे आहे काय, (३) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

हा साचा वर्षानुवर्षं चालत आलाय आणि त्यातले खाचखळगे सरकारी बाबूंना तोंडपाठ आहेत. पहिल्या भागात तुम्ही तीन गोष्टी कोंबल्या आणि त्यातली एक तारीख जरी चुकली, तर उत्तर येतं ‘हे खरे नाही’ आणि पुढच्या प्रत्येक भागासमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’. सगळी मेहनत दोन ओळींत पाण्यात. म्हणून एका भागात एकच गोष्ट, आणि तीही कागदाने सिद्ध होईल अशी. ‘अंदाजे’, ‘हजारो नागरिक’, ‘कोट्यवधींचा भ्रष्टाचार’ हे शब्द काढून टाका. पालिकेच्या नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख असेल तर ‘खरे नाही’ म्हणणं अवघड होतं. ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर ते उलट चांगलं समजा. कुठला अंश खरा, यावर उपप्रश्नाला जागा मिळते.

साच्यातला तिसरा भाग इतका सरधोपट आहे की त्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढं उत्तर पुरतं. तिथे आपली एक ओळ घाला. किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, उरलेले कुठल्या तारखेपर्यंत निकाली निघणार. आकडा आणि तारीख मागितली की गोलमाल उत्तर देणाऱ्याला घाम फुटतो.

प्रश्नाच्या मागे एक पान टिपण जोडा. विषय काय, किती कुटुंबांचा, आतापर्यंत कुणाला कधी लिहिलं, आता नेमकं काय हवं, आणि उपप्रश्न दोन-तीन. उपप्रश्न महत्त्वाचे, कारण प्रश्न पुकारला गेला तर आमदाराला उभं राहून काहीतरी विचारायचं असतं आणि त्या क्षणी त्याला तुमचा सेक्टर नंबर आठवणार नाही. सोबत फोटो दोनच आणि नोटिशीची प्रत. हे सगळं मराठीत, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. हाताने लिहिलेल्या पानाचा व्हॉट्सअॅपवरचा वाकडा फोटो कुणी परत टाइप करत बसत नाही.

कागद दिल्यावर पोच घ्या. ‘साहेबांनी पत्र दिलंय मंत्र्यांना’ असं ऐकून खूश होऊन घरी परतणारे पुष्कळ भेटतात. आमदाराच्या लेटरहेडवरचं शिफारसपत्र आणि सभागृहातला प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्राला उत्तर द्यायचं बंधन मंत्र्याला तितकंसं जाणवत नाही, प्रश्नाला द्यावंच लागतं. तेव्हा आठवड्याने फोन करून नम्रपणे विचारा, ‘प्रश्न सादर झाला का, आणि कुठल्या आयुधातून?’ हा शब्द वापरलात की समोरचा सावरून बसतो.

विधेयकं आणि मसुदे

विधेयकावर नागरिकाने बोलायची खरी वेळ सभागृहात चर्चा सुरू व्हायच्या आधीची असते. कित्येक विधेयकं सोमवारी मांडली जातात आणि शनिवारपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार होतात. मसुदा विधानमंडळाच्या संकेतस्थळावर दिसला की त्याच रात्री वाचून काढा. सदस्याला पाठवायचं टिपण चार ओळींचं पुरे : कलम क्रमांक, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर, कारण. सदस्य त्यावरून दुरुस्तीची सूचना देऊ शकतो. ‘हे विधेयक काळं आहे’ या भावनेतून दुरुस्ती निघत नाही.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर मात्र चांगली संधी मिळते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं तसं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ते मांडलं गेलं, चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे गेलं आणि समितीने लोकांकडून सूचना मागवल्या. बारा हजारांवर आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं तेव्हा त्याच्या उद्देशाच्या शब्दांत आणि तपास कुठल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा यात बदल झालेले होते. विरोध करणाऱ्यांना ते बदल पुरेसे वाटले नाहीत, तो वाद वेगळा. पण समितीच्या टप्प्यावर मजकूर हलतो, एवढं त्यातून दिसलं.

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेकांचा संबंध मात्र विधेयकापेक्षा नियमांशी येतो. २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थांच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून सरकारने हरकती-सूचना मागवल्या होत्या. आपल्या किती सोसायट्यांच्या कमिट्यांनी तो उघडून पाहिला असेल, कुणास ठाऊक. विकास आराखडा आणि बांधकाम नियमावलीतले बदलही असेच राजपत्रातून आणि वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातल्या जाहिरातीतून येतात, बहुधा एक महिन्याची मुदत देऊन. या हरकतीला आमदार लागत नाही, शिफारस लागत नाही. मुदतीत दिली, पोच घेतली आणि सुनावणीची नोटीस आली तर गेलात, की झालं. सुनावणी चुकवलीत तर हरकत कागदावरच राहते.

अधिवेशन चालू असताना

रोज सकाळी दोन कागद पाहायचे. दिवसाचा कामकाजाचा क्रम आणि त्या दिवसाची प्रश्नांची यादी. दोन्ही विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येतात. आपला प्रश्न कुठल्या दिवशी, कितव्या क्रमांकावर आहे ते टिपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तोच क्रमांक लागणार आहे. कामकाजाचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर बघता येतं. पण सगळा दिवस बघत बसू नका, गोंधळ झाला की सभागृह तहकूब होतं आणि तुमची दुपार वाया जाते. आपला क्रमांक जवळ आला की लावा.

एक काम मात्र तातडीचं असतं. मंत्र्याचं लेखी उत्तर सदस्याच्या हाती पडलं की त्यात चुकीची माहिती असू शकते. काम पूर्ण झालं असं उत्तर असेल आणि तुमच्या दारासमोर अर्धवट खणलेला चर दिसत असेल, तर त्याचा त्या दिवशीचा, तारीख दिसणारा फोटो ताबडतोब स्वीय सहायकाच्या नागपूरच्या नंबरवर गेला पाहिजे. सभागृहात ‘अध्यक्ष महाराज, हा आज सकाळचा फोटो’ असं म्हणता येणं ही आमदारालाही हवीहवीशी गोष्ट असते. तो नंबर अधिवेशनाआधीच मागून ठेवा.

समाजमाध्यमांवर मंत्र्यांना टॅग करून फारसं हाती लागत नाही. स्थानिक वार्ताहराला मात्र प्रश्न क्रमांकासह दोन ओळी कळवा. छापून आलेलं कात्रण पुढच्या लक्षवेधीला पुरावा म्हणून जोडतात.

उत्तर आल्यानंतर

बहुतेक जण इथे थांबतात, आणि कामाची सुरुवात खरं म्हणजे इथून होते. उत्तराची प्रत डाउनलोड करून ठेवा आणि त्यातली क्रियापदं वाचा. ‘तपासून पाहण्यात येईल’ म्हणजे काहीही नाही. ‘तीन महिन्यांत पूर्ण करण्यात येईल’ हे आश्वासन आहे, आणि अशी आश्वासनं पाळली गेली की नाही ते बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आमदाराला सांगून ते आश्वासन म्हणून नोंदलं गेलंय ना, याची खात्री करून घ्या.

‘या विषयावर माझ्या दालनात बैठक लावतो’ असंही मंत्री हमखास म्हणतात. बैठक लागली तर तुमच्यातल्या दोघांना बोलावण्याची विनंती आमदाराकडे करा आणि बैठकीचं इतिवृत्त मागा. कुठल्या अधिकाऱ्याने कधीपर्यंत काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. मिळालं नाही तर ऑनलाइन माहिती अधिकार अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे ‘अमुक दिनांकाच्या तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरानुसार केलेल्या कार्यवाहीची कागदपत्रे व अमुक दिनांकाच्या बैठकीचे इतिवृत्त’ एवढंच लिहा. निधी मंजूर झाला असं उत्तर असेल तर तो खरंच वितरित झाला का, ते वित्त विभागाच्या ‘बीम्स’ प्रणालीवर खातेनिहाय पाहता येतं. मंजूर आणि वितरित यांच्यात कधीकधी आख्खं आर्थिक वर्ष निघून जातं.

मुदत टळली आणि काम झालं नाही, तर पुढच्या अधिवेशनासाठी नवा प्रश्न लिहायला घ्या. त्याची सुरुवात सोपी असते : ‘अमुक दिनांकाच्या तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात शासनाने तीन महिन्यांत काम पूर्ण करण्याचे आश्वासन दिले होते, हे खरे आहे काय?’